कार्तिकस्वामीकडे पाठ

कार्तिक महिना लागला की मला आधी राग येतो, मग थंडी वाजते. मंचेरियलच्या बाजारात सीताफळांच्या टोपल्या घेऊन गोंड बाया बसायला लागतात. सकाळी दोरीवर घातलेल्या साडीवर खाणीतल्या कोळशाची काळी पूड बसते आणि दवाने तिथेच चिकटून राहते. शेजारच्या तेलुगू घरांतून पहाटेच्या आंघोळीचे आवाज येतात, आणि केळीच्या सोपटात दिवा ठेवून बायका गोदावरीकडे निघतात. एवढं सगळं छान चाललेलं असतं, आणि मग आमच्या घरच्या ग्रुपवर प्रभाकरचा निरोप येतो.

प्रभाकर माझा चुलत भाऊ. तिकडे आदिलाबादजवळ जैनथला असतो, कापूस आणि सोयाबीन पिकवतो, आणि उरलेल्या वेळात धर्म राखतो. निरोप दरवर्षी तोच. यंदा कार्तिक पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्राचा योग अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंत आहे, तेवढ्या वेळात स्त्रियांनीही कार्तिकस्वामीचं दर्शन घेतलं तर चालेल. खाली हात जोडल्याची चित्रं. त्या 'चालेल'पाशी माझं डोकं फिरतं. मी दरवर्षी उत्तर टाइप करते आणि दरवर्षी पुसते, कारण ग्रुपवर सुना आहेत, नातवंडं आहेत, आणि म्हाताऱ्या शोभाआत्याचं डोकं फिरलंय असं त्यांचं आधीच मत आहे.

यंदा मात्र त्याचा फोनच आला. ओढ्याकाठची स्वामींची जुनी खोपी पाडून त्याने तिथे नवं देऊळ बांधलंय, संगमरवरी फरशीचं, आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ. पहिलंच दर्शन योगावर आहे. आणि मग त्याने मुद्द्याचं सांगितलं. "शोभाताई, काकूले घेऊन या. योगावर पाया पडून घेतील, माफी मागतील. इतक्या वर्षांचा दोष हाये, निघून जाईल. मी गाडी धाडतो."

काकू म्हणजे माझी आई. ती समोरच बसून सीताफळाच्या बिया काढत होती आणि फोन स्पीकरवर होता. तिने सगळं ऐकलं. एक बी काढून वाटीत टाकली, आणि "बघू" एवढंच म्हणाली.

हा दोष कसला, हे ज्यांना ठाऊक नाही ते भाग्यवान. आमच्या लोकांत असं मानतात की कार्तिकस्वामी ब्रह्मचारी. गणपतीबरोबर पृथ्वीप्रदक्षिणेची पैज लागली, गणपतीने आईबापांनाच फेरी मारून ती जिंकली, आणि हा बिचारा मोरावर बसून सगळं जग फिरून आला तोवर निकाल लागून गेला होता. तो रुसला, डोंगरावर निघून गेला, आणि जाताना शापून गेला की जी बाई माझं तोंड पाहील ती सात जन्म विधवा होईल. आता पैज हरला भावाशी, निकाल दिला आईबापांनी, त्यात जगातल्या बायकांचा काय संबंध, हे मी लहानपणी एकदा विचारलं होतं. उत्तरादाखल पाठीत धपाटा मिळाला.

म्हणून आमच्याकडच्या बायका त्याच्याकडे पाठ करतात. पाठ करणं ही एक रीतच आहे, तिला सराव लागतो. जैनथला आमच्या वावराच्या वाटेवर ओढा होता, ओढ्याकाठी पिंपळ, पिंपळाखाली दगडी खोपी आणि तिला अर्ध्या उंचीचं लाकडी दार. कापूस वेचणीला निघालेल्या बायका पिंपळ जवळ आला की पदर पुढे ओढून दुसऱ्या बाजूला तोंड करत आणि बोलता बोलता तशाच तिरक्या चालत. आम्ही पोरी डोळ्यांवर हात धरून एकमेकींच्या फ्रॉकला धरून पुढे सरकत असू. वाटेच्या बाभळींना गाडीतून निसटलेला कापूस अडकलेला असे, पायाखाली दव असे, तुरीला पिवळी फुलं असत, पैनगंगेकडून धुकं येत असे. मला ती वाट बोटांच्या फटीतून पाहिल्यासारखी आठवते. त्यातला तो पिंपळाएवढा तुकडा अजूनही कोरा आहे.

मी नऊ वर्षांची होते तेव्हाच्या कार्तिकात माझे बाबा गेले. बाबा गावच्या शाळेत मास्तर होते, आणि शेती सगळी त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे प्रभाकरचे वडील, पाहत, त्यांना आम्ही मोठे बाबा म्हणत असू. थंडीताप आला, तो डोक्यात गेला, पाच दिवसांत खेळ आटोपला. तेराव्याला अंगणात माणसं बसली होती, वाढायची पानं मांडली होती, आणि मोठे बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाईनं स्वामीचं तोंड पाह्यलं, अन् घरातलं मानूस गेलं." माझी आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत वळली. आई वेचणीला जाताना खोपीत डोकावली, दुसऱ्या दिवसापासून बाबांना ताप भरला, ही कथा त्या दिवशी तयार झाली आणि मग कोणी तिच्याकडे पुन्हा वळून पाहिलं नाही. मीसुद्धा नाही.

त्यानंतर चौदा वर्षं, मला मंचेरियलला नोकरी लागेपर्यंत, आम्ही मोठ्या बाबांच्याच घरात काढली, आई, मी आणि माझी धाकटी बहीण. आईला सणाच्या स्वयंपाकाला हात लावू देत, पण वाढायला पुढे येऊ देत नसत. गावात कोणाचं लग्न ठरलं की पत्रिका द्यायला आलेली माणसं ओटीवर बसत आणि आईला आत जा म्हणून खूण केली जाई. ती आत जायची. मला तिचा राग यायचा. ती ओरडत का नाही, भांडी का आपटत नाही, एकदा तरी त्या खोपीचं दार उखडून का टाकत नाही, असं वाटायचं. मी मनात भांडी आपटत मोठी झाले.

मला त्या पाच दिवसांतलं जे आठवतं ते मोठ्या बाबांच्या कथेत नव्हतं. मला ट्रॉली आठवते. आमच्याकडे ट्रॅक्टर-ट्रॉली होती, गावात दोघांकडेच होती, आणि ती त्या दिवसांत आदिलाबादला बाजार यार्डात कापसाने भरून रांगेत उभी होती. हंगाम ऐन भरात असला की रांग मैलभर लागायची. रांगेतून गाडी काढली की नंबर गेला, पुन्हा शेपटाशी उभं राहायचं. दवाखाना तिथून हाकेच्या अंतरावर, आणि तापलेले बाबा इकडे जैनथला घोंगडीत. बैलगाडी होती, पण बैल दुसऱ्या वावरातून गाठोडी आणत होते. एसटी सकाळी एकदा यायची, आणि बाबांना बसवत नव्हतं. मोठे बाबा रोज म्हणत, उद्या नंबर लागते, उद्या ट्रॉली मोकळी झाली की नेऊ. पाचव्या दिवशी ट्रॉली मोकळी झाली. बाबांना तिच्यात घातलं तेव्हा तळाशी कापसाच्या बोंडांचा कचरा होता, तो त्यांच्या घोंगडीला चिकटला होता. ते आदिलाबादला पोचलेच नाहीत.

मोठे बाबा दुष्ट होते असं मी म्हणत नाही. ते हंगामातले शेतकरी होते आणि त्यांना वाटलं ताप उतरेल. पण उतरला नाही तेव्हा त्यांनी देवाला पुढे केलं आणि माझ्या आईला देवापुढे उभं केलं, हे मी त्यांना माफ केलेलं नाही. आता त्यांचा हार घातलेला फोटो त्या संगमरवरी देवळात लागणार आहे.

या रागाच्या भरात मी संस्कृत शिकले. खोटं वाटेल, पण तसंच आहे. लोक संस्कृत घेतात ते मार्कांसाठी. आमच्या तेलंगणात इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, पोरं हौसेने संस्कृत घेतात, कारण त्यात मार्क भरभरून पडतात, आणि उत्तरं तेलुगू लिपीत लिहिली तरी चालतात. मी मंचेरियलच्या ज्युनिअर कॉलेजात तीस वर्षं अशा पोरांना संस्कृत शिकवलं. पण मी स्वतः शिकले ते त्या शापाचा पत्ता काढायला. मला त्याचं मूळ गाव हवं होतं, कोणी लिहिला, कुठे लिहिला, कोणत्या श्लोकात.

आणि पाहते तर काय, संस्कृतातला जुना स्कंद बायको असलेला. देवांचा सेनापती झाला त्याच दिवशी इंद्राने देवसेना नावाची मुलगी आणून त्याच्या पुढे उभी केली, आणि रीतसर लग्न लागलं. पुढे एका पुराणात तो उनाड होतो, देवांच्या बायकांच्या मागे लागतो. मग पार्वती प्रत्येकीच्या जागी आपलंच रूप दाखवते, तो शरमतो आणि म्हणतो की इथून पुढे सगळ्या बाया मला आईसारख्या. ठीक आहे, शहाणपण उशिरा आलं तरी आलं. पण आई म्हटल्यावर आईने तोंड पाहिलं तर काय बिघडलं? सात जन्मांचं वैधव्य मला तरी त्या पोथ्यांत सापडलं नाही. कुठे असेलही, पोथ्या काही थोड्या नाहीत. मी बघितल्या तेवढ्यांत नव्हतं.

सापडलं ते वेगळंच, आणि ते वाचलं त्या दिवशी मला कॉलेजच्या लायब्ररीत रडू फुटलं. त्याच्या जन्माच्या कथेत सहा ऋषींच्या बायका आहेत. अग्नीवर भाळलेली स्वाहा त्यांची रूपं घेऊन अग्नीकडे जाते, पोर जन्मतं, आणि गावभर बोभाटा होतो की पोर या सहाजणींचं. ऋषी त्यांना घराबाहेर काढतात. एक जण ऋषींना जाऊन सांगतो सुद्धा की यांचा काही दोष नाही, मला ठाऊक आहे. तरी ते ऐकत नाहीत. मग त्या सहाजणी त्या पोराकडे जातात आणि म्हणतात, बाळा, आम्हाला उगाच टाकलं, आमची जागा गेली. आणि तो त्यांना आई म्हणतो, आभाळात जागा मिळवून देतो. त्याच कृत्तिका. ज्यांच्या नावाच्या योगावर प्रभाकर आम्हा बायकांना दार उघडून देतो, त्या स्वतःच उगाच दोष लागलेल्या बाया होत्या. आणि त्यांना पदरात घेणारा देव आमच्या लोकांनी नेमका बायकांना शाप देणारा केला. एवढ्या कथांच्या ढिगातून यांनी ही निवड केली. मला राग आहे तो या निवडीचा.

तमिळ बाजू मला पोथीत भेटली नाही, शेजारी भेटली. वल्लीअम्मा आमच्या भिंतीला भिंत लावून राहते. नवरा खाणीच्या यंत्रांवर कामाला म्हणून चाळीस वर्षांपूर्वी ते इकडे आले आणि तो गेल्यावरही ती इथेच राहिली. तिच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर मुरुगनचा फोटो आहे, मोरावर बसलेला, हातात भाला, डाव्या-उजव्या अंगाला दोन बायका. मी पहिल्यांदा तिच्याकडे गेले तेव्हा मंचेरियलमध्ये नवीन होते, आणि फोटो दिसताच सवयीने पाठ फिरवली, अशी फिरवली की तिच्या हातातल्या कॉफीच्या पेल्याला धक्का लागला. तिने कारण विचारलं. मी हिंदीत सांगितलं. ती आधी हसली आणि मग चिडली. तिच्या देवाला बायकांचं वावडं, हे तिला आपल्या घरच्या माणसाबद्दल काही वाईट ऐकावं तसं लागलं. तिचं नावच वल्लीवरून ठेवलेलं.

वल्लीची गोष्ट तिने आईला सांगितली, तोडक्या हिंदीत आणि तेलुगूत, आई माझ्याकडे राहायला आली त्या वर्षीच्या कार्तिकात. आम्ही तिघी ओट्यावर ऊन खात बसलो होतो. वल्ली डोंगरातल्या पारध्यांची मुलगी. राळ्याच्या शेतात मचाणावर उभी राहून गोफणीने पोपट हाकलायची. मुरुगन तिला पाहून वेडा झाला, शिकारी होऊन आला, मग म्हातारा होऊन आला आणि तिच्याकडे राळ्याचं पीठ आणि मध मागून खाल्लं. तरी ती दाद देईना. शेवटी त्याने भावाला हाक मारली. गणपती रानटी हत्ती होऊन आला, वल्ली घाबरून म्हाताऱ्याला बिलगली, आणि लग्न जमलं. आई ऐकत होती आणि तिचे डोळे बारीक झाले होते. लहानपणी तिनेही ज्वारीतले पक्षी हाकलले होते. ती म्हणाली, "हे तं आमचंच वावर झालं." मग बराच वेळ ती दोन्ही हातांनी गोफण कशी फिरवायची ते वल्लीअम्माला दाखवत होती, आणि वल्लीअम्मा तिच्या हातांची दिशा चुकते म्हणून वाद घालत होती.

माझ्या मनात मात्र तो हत्तीच राहिला. तिकडेही फळासाठी पैज लागते, तिकडेही तो रुसून डोंगरावर जातो. पण पुढे गरज पडली तेव्हा त्याने भावाला हाक मारली आणि भाऊ आला. आमच्याकडची कथा रुसण्यापाशीच थांबते. भावाने भावासाठी धावून जायचं असतं, एवढी साधी गोष्ट आम्ही गोष्टीतून काढून टाकली आणि तिथे बायकांवरचा शाप बसवला.

तमिळ देशात सगळं गोड आहे असं कोणी समजू नये. वल्लीअम्मानेच मला सांगितलं, देवाच्या लग्नाचा सोहळा असतो तेव्हा तिला, नवरा गेलेल्या बाईला, पुढे बसवत नाहीत, आणि मंगळसूत्राचा दोरा हाताला लावून घ्यायला दिला जातो तोही तिला चुकवून पुढे जातो. दोन बायकांचा नवरा असलेला देवही विधवेकडे पाठच करतो, निदान त्याची माणसं तरी करतात. त्यावर मी तिथेही आवाज चढवला. वल्लीअम्मा म्हणाली, कॉफी गार होते आहे.

आणि आमच्या तेलुगू शेजारणी याच कार्तिकात, दिवाळीनंतरच्या चौथीला, वारुळात दूध ओततात, आणि वारुळातल्या त्या देवाला सुब्रह्मण्येश्वर म्हणतात. पोरंबाळं सुखी ठेव म्हणून बायकाच ते करतात. पत्रिकांवर छापतात, वल्ली-देवसेना समेत. म्हणजे एका गल्लीत तो नवरा, दुसऱ्या गल्लीत पोरांचा राखणदार, आणि आमच्या घरात शिरला की बायकांचा वैरी. या सगळ्यात त्याचाही गोंधळ होत असेल.

प्रभाकरचा फोन येऊन आठवडा झाला. आई "बघू"च्या पुढे जात नव्हती, आणि मला वाटलं हिला जायचं आहे. इतकी वर्षं ती वल्लीअम्माच्या घरीही त्या फोटोकडे तोंड करून बसली नाही. गोष्ट ऐकायची, गोफण फिरवायची, पण बसायची त्या भिंतीकडे पाठ करून. भीती आत मुरलेली असते, असं मी समजत होते. आता ती त्या संगमरवरी फरशीवर, मोठ्या बाबांच्या हार घातलेल्या फोटोखाली डोकं टेकवणार आणि न केलेल्या खुनाची माफी मागणार, या विचाराने मला अन्न गोड लागेना.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी मी ठरवलं की आज काय ते बोलायचं. आई खिडकीपाशी बसून वाती वळत होती. मी पुस्तकं काढली. तीस वर्षं वर्गात शिकवलं नसेल इतकं त्या सकाळी शिकवलं. देवसेना सांगितली, उनाडपणा सांगितला, कृत्तिका सांगितल्या, वल्ली पुन्हा सांगितली. अमुक पोथी काय म्हणते, तमिळ लोक काय म्हणतात, दोन्हींत शाप कसा नाही, आणि म्हणून तू पाहिलंस तरी बाबांच्या जाण्याशी त्याचा काही संबंध नाही, तो निव्वळ योगायोग, खरी गोष्ट ती ट्रॉली. माझा आवाज चढला होता. वल्लीअम्मा भिंतीपलीकडून कान देऊन ऐकत असणार. आई खाली मान घालून वाती वळत राहिली. मी थांबले तेव्हा तिने वातींची जुडी बांधली.

"झालं काय तुहं?" तिने विचारलं.

झालं, म्हटलं.

"मंग आता माहं ऐक. तुहे बाबा तापले, त्याच्या तिसऱ्या दिवशी मी त्या खोपीत गेली. आधी नाई."

मला नीट कळलं नाही. मी म्हटलं, वेचणीला जाताना, ताप यायच्या आदल्या दिवशी ना? ती म्हणाली, हे भासऱ्यांनी सांगितलं. भासरे म्हणजे तिचे थोरले दीर, मोठे बाबा. मग ती एका दमात बोलली, आणि तिचा आवाज मी इतका सरळ कधी ऐकला नव्हता.

"ट्रॉली येऊन नाई राह्यली. भासरे उद्या उद्या करून राह्यले. हे वळखत नव्हते कोनाले. मी कोनाकडं जाऊ? सारे मनत, लई रागीट देव हाये. मी मनली, रागीट हाये तं आपल्यासाठी रागावल कोनावर तरी. दार लोटलं, त्याच्या तोंडाकडं पाह्यलं अन् मागितलं. चोरून नाई पाह्यलं मी. चांगलं उभं राहून पाह्यलं."

मी पुस्तक मिटलं. मी विचारलं, मग तू त्याच्याकडे पाठ का करतेस अजून?

"भ्यायली मनून करते वाटलं तुले?" ती म्हणाली. "त्यानं ऐकलं नाई माहं. मी बोलत नाई त्याच्याशी."

मला कोणाचा राग आला म्हणून सांगू. मोठ्या बाबांचा आला, तो जुनाच होता. ताप आधी, खोपी नंतर, एवढा सरळ दोन दिवसांचा हिशेब त्यांनी उलटा केला आणि तेराव्याला पंगतीत मांडला. पण त्याहून जास्त माझा आला. मी संस्कृत शिकले, तमिळ गोष्टी गोळा केल्या, शाप खरा की खोटा हे दोन भाषांत शोधत आयुष्य घालवलं. आणि जिला दोष लागला ती माझ्याच घरात, माझ्याच पंक्तीला जेवत होती, तिला एकदाही विचारलं नाही की आई, काय झालं होतं? मला तिची कीव करायची सवय लागली होती. त्या अंगणात बसलेल्या माणसांसारखीच मीही ती कथा खरी धरून बसले होते. फक्त शाप खोटा म्हणत होते.

इतकी वर्षं सांगितलं का नाही, म्हणून मी विचारलं. ती म्हणाली, "लाव प्रभाकरले फोन."

मी लावला आणि तिच्या हातात दिला. ती फोन कानाला न लावता तोंडासमोर धरते, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं. गाडी धाडू नको, मी येत नाही, असं तिने सांगितलं. तो म्हणाला, काकू, असा योग पुन्हा कधी जुळून येतो, देऊळ नवीन आहे, बाबांच्या नावाचं आहे. तिने त्याला बोलू दिलं. मग म्हणाली, "प्रभाकर, मी खोपीत गेली तवा तुह्या काकाले ताप भरून तीन दिवस झाले होते. ट्रॉली रांगेत होती. तुह्या बापाले ठाऊक होतं. त्यायनंच मले खोपीतून निघताना पाह्यलं."

पलीकडे मागे कुठेतरी फरशी घासण्याचं यंत्र चालू होतं, ते बंद झालं. मग प्रभाकर हळू आवाजात म्हणाला, "काकू, तवा काऊन नाई बोलल्या तुमी? आता काऊन काढून राह्यल्या?"

"तवा तुमच्या घरचं जेवत होती," आई म्हणाली. "आता पोरीच्या घरचं जेवते."